वाटाघाट म्हणे! पाचपट कशाच्या, आणि बोलणी कोणाशी?



भाताची झोडणी अजून पुरती आटपली नाही, तोच पाड्यापाड्यातून नवी माणसं फिरायला लागली आहेत. हातात नकाशा, खिशात दोन-दोन फोन, बोलणं गोड. वाढवणच्या बंदरावरचा माल समृद्धी महामार्गावर नेण्यासाठी नवा रस्ता काढायचा आहे. तव्याकडून निघून इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरला समृद्धीला मिळणार, सुमारे १०४ किलोमीटर. डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, पुढे त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी. म्हणजे बंदर समुद्रात, समृद्धी डोंगरापलीकडे, आणि मधलं सगळं आपलं.

ही माणसं 'भूसंपादन' हा शब्द तोंडात येऊ देत नाहीत. त्यांचा शब्द आहे 'थेट वाटाघाट'. जबरदस्ती नाही काका, खरेदी आहे. सरकारच गिऱ्हाईक आहे. पाचपट भाव मिळेल, फक्त इथं सही करा.

वाटाघाट आपल्याला नवी नाही. सोयरीक जमवताना आपल्याकडे बोलणी होतात. दोन्हीकडची माणसं बसतात, जाणती माणसं मध्ये असतात, देज काय ते सगळ्यांसमोर ठरतं. पटलं नाही तर बैठक उठते आणि पाहुणे आले तसे परत जातात. पोरीच्या बापाला बाजाराच्या दिवशी एकटा गाठून, चहा पाजून, कोणी त्याचा अंगठा घेत नाही. घेतलाच तर पाडा त्याला सुखाने जाऊ देत नाही.

आता ही सरकारी वाटाघाट बघा. भाव आधीच ठरलेला. कुठल्या तक्त्यावरून काढायचा तेही ठरलेलं. रस्त्याची रेघ नकाशावर ओढून झालेली. राहिली फक्त तुमची सही, आणि तीही अमुक तारखेच्या आत. सही नाही केली तर? समृद्धीच्या वेळी काय झालं ते शहापूर आणि इगतपुरीच्या माणसांना विचारा. ७०१ किलोमीटरचा रस्ता. सुरुवातीला थेट खरेदी, पाचपट. ज्यांनी दिली नाही त्यांच्या जमिनी सक्तीने घेतल्या आणि वरचे पंचवीस टक्के त्यांना मिळाले नाहीत. हो म्हणालात तरी जमीन जाते, नाही म्हणालात तरी जाते, आणि नाही म्हणण्याचा दंड वेगळा. याला वाटाघाट म्हणायचं असेल तर एवढंच म्हणता येईल की वाट त्यांची आणि घाटा आपला.

पहिल्यांदा पाचपटीचा हिशेब करू, कारण सगळे तिथंच अडकतात. रेडी रेकनरमध्ये किंवा नोंदलेल्या खरेदीखतांत जो भाव निघेल तो धरायचा. ग्रामीण भाग म्हणून त्याची दुप्पट करायची. तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर, म्हणजे चौपट झाली. थेट खरेदीला संमती दिली म्हणून त्यावर पंचवीस टक्के, मे २०१५ च्या शासन निर्णयाप्रमाणे. झाली पाचपट. ऐकायला छान वाटतं. पण पाचपट कशाच्या?

आपल्या जमिनीला बाजारच नाही. १९७४ साली जमीन महसूल कायद्यात ३६-अ कलम आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जाण्यावर बंधन बसलं. ते बंधन आपण मागूनच आणलं होतं, कारण सावकाराने आणि जमीनदाराने दारूच्या बाटलीवर, नाही तर लग्नाच्या कर्जावर डोंगर गिळले होते. त्या कायद्याने जमीन राखली. आज त्याच कायद्याचं नाव घेऊन भाव पाडला जातो. खरेदी-विक्री होत नाही, म्हणून खरेदीखतं नाहीत. खरेदीखतं नाहीत, म्हणून रेकनरचा दर तळाला. समजा आपल्याकडे गुंठ्याला दहा हजार धरले आणि डोंगराच्या पलीकडे, जिथं हे बंधन नाही तिथं, तसल्याच खाचराला चाळीस हजार. आपले पाचपट म्हणजे पन्नास हजार. त्यांचे दोन लाख. रस्ता एकच, डांबर एकच, आणि टोल काय आपल्या हद्दीत कमी घेणार आहेत?

आता नीट ऐका, कारण हे तुम्हाला कोणी फिरता माणूस सांगणार नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम २६ आहे, त्याचं पोटकलम ३. ज्या भागात दुसऱ्या कायद्याने जमिनीच्या व्यवहारावर बंधन आहे, तिथं बाजारभाव काढता येत नसेल, तर लगतच्या भागातल्या तसल्याच जमिनीच्या भावावरून किमान दर ठरवायचा, आणि तो राज्य सरकारने ठरवायचा, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे ज्यांनी कायदा लिहिला त्यांनाही आपली अडचण कळली होती. तेव्हा कोणी 'पाचपट' म्हणाला की पहिला प्रश्न हाच टाका. कलम २६(३) प्रमाणे आमच्या गावाचा किमान दर कुठे आहे? कधी ठरला? कागद दाखवा. मग बघा, बोलणं किती गोड राहतं ते.

पण माझं भांडण फक्त भावाचं नाही. भाव वाढवून मिळाला की झालं, असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. मागच्या बैठकीत एक तरुण पोरगा उभा राहिला. बारावी झालेला, बोईसरला कंपनीत कंत्राटी कामाला जातो. म्हणाला, "दादा, रस्ता होणारच आहे. तुम्ही अडवलात तरी होणार. शेतीत आम्हाला काय मिळतं? चार पोती भात. मग पैसे घेऊन मोकळं झालेलं काय वाईट?" काही जणांनी त्याला गप्प बसवलं. मला ते पटलं नाही. पोरगा खोटं बोलला नव्हता. चार पोतीच होतात. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो, भिवंडी-वसईकडे, हेही खरं. संघटनेत नुसतं 'जमीन आमची आई' म्हणून त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

उत्तर म्हणून माझ्या मामाचं सांगतो. आधीच्या एका रस्त्यात त्याची जमीन गेली. सातबारा आज्याच्या नावाने होता, वारस लागलेले नव्हते. ते लावायला एक जण पुढे आला, कचेरीच्या आवारात बसणारा. त्यानेच बँकेत खातं उघडून दिलं, त्यानेच फोटो काढले, आणि चेकबुकातल्या कोऱ्या चेकांवर मामाच्या सह्या घेतल्या. पैसे जमा झाल्याचं मामाला तीन दिवसांनी कळलं, तोवर बरीच रक्कम उचललेली होती. उरलेल्यात भावांचे हिस्से, बहिणींची भांडणं, एक मोटारसायकल, घरावर पत्रे. दोन वर्षांत खातं कोरडं. मामा आजही भट्टीवर जातो. पूर्वीही जात होता. फरक एवढाच की पूर्वी पावसाआधी परत येऊन तो राब भाजायचा, नागली-वरई टाकायचा, आणि चार पोती का होईना, घरात भात यायचा. आता जूनमध्ये परत येतो आणि ओट्यावर बसून राहतो. भट्टीचा मालक उचल देताना कमी देतो, कारण याला परत जायला जागा नाही हे त्याला कळलं आहे. त्या चार पोत्यांची किंमत ही होती, साथी. भट्टीवाल्याला नाही म्हणायची ताकद त्या पोत्यांत होती. रेडी रेकनरच्या तक्त्यात ती कुठल्या रकान्यात बसते ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

मामाला फसवणारा एक दलाल होता, हे खरं. पण दलालाला जागा कोणी दिली? गावाला वगळून एकेका खातेदाराशी व्यवहार करायचा, ही पद्धतच दलालाला बोलावते. गाव बसलेलं असतं, यादी भिंतीवर लागलेली असती, कोणाची किती जमीन, कोणत्या खात्यात किती पैसे हे सगळ्यांसमोर वाचलं गेलं असतं, तर कोरा चेक मागायची कोणाची हिंमत झाली असती?

आणि गावाला वगळायची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे, हे समजून घ्या. २०१३ च्या कायद्यात कलम ४१ सांगतं की अनुसूचित क्षेत्रात जमिनीचं संपादन असो की हस्तांतरण, ग्रामसभेची पूर्वसंमती पाहिजे. चांगलं कलम. पण राष्ट्रीय महामार्गांचा १९५६ चा कायदा त्या कायद्याच्या बाहेर ठेवला. मागून २०१८ साली राज्याचा महामार्ग कायदाही बाहेर काढला. पैशाचा हिशेब तेवढा आत घेतला, संमती बाहेर राहिली. मग थेट खरेदीचं काय? खरेदी म्हणजे ३६-अ आलं, आणि तिथं ग्रामसभेची मान्यता लागत होती. ती नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेने काढली. महामार्ग, रेल्वे, कालवे, विजेच्या आणि पाण्याच्या वाहिन्या, असल्या सरकारी प्रकल्पांसाठी आदिवासीने परस्पर संमतीने जमीन विकली तर ग्रामसभेला विचारायची गरज नाही. अधिसूचना राज्यपालांची, पाचव्या अनुसूचीतल्या अधिकाराने काढलेली. म्हणजे आदिवासीचं रक्षण करायला घटनेने जो अधिकार दिला, त्याच अधिकाराने आदिवासीच्या ग्रामसभेला दाराबाहेर उभं केलं. घराच्या राखणदारानेच कडी काढून दिली.

सक्तीने घेतली तर महामार्गाचा कायदा म्हणतो संमती नको. खरेदीने घेतली तर अधिसूचना म्हणते ग्रामसभा नको. दोन्हीकडून गाव बाहेर. मग आपल्या हातात राहिलं काय? एकच गोष्ट. थेट खरेदीला खातेदाराची सही लागते. सही नाही तर खरेदीखत नाही. आपला सगळा जोर त्या सहीत आहे, आणि तीच आपण बाजाराच्या दिवशी एकेकट्याने चहावर खर्च करत आहोत.

संघटनेचं म्हणणं म्हणून हे आहे. सही खातेदाराची, पण ती कधी करायची ते पाडा ठरवील. ग्रामसभेशी बोलणी होऊन, सगळ्या गावासाठी एक करार लेखी होईपर्यंत कोणी संमतिपत्र द्यायचं नाही. मोठा खातेदार नाही, छोटा नाही, सरपंचाचा भाऊ नाही.

हा डाव आपल्याला ठाऊक आहे. १९४५ साली याच डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी गवतकापणीचा भाव मागितला. पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये. जमीनदारांनी एकेकाला बोलावून कमी भावात कापायला लावायचे प्रयत्न केले, धमक्या दिल्या, पोलीस आणले. १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबरची माणसं पडली. पण गवत कोणी एकट्याने कापलं नाही. त्यांच्यात सातबारावाला आणि बिनसातबाराचा असा भेद करता येण्यासारखा नव्हताच, कारण सातबारा कोणाकडेच नव्हता. आपल्याकडे तो आहे आणि त्यानेच आपल्याला फोडायला सुरुवात केली आहे.

कारण बघा ना, या वाटाघाटीत बोलावणं कोणाला येतं? ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. वनपट्टा असलेल्याला सांगतात, तुझी जमीन सरकारचीच आहे, तुला काय भाव? हे साफ खोटं आहे. २०१३ च्या कायद्यात जमीनमालक कोण याची व्याख्या आहे. वनहक्क कायद्याखाली ज्याला हक्क मिळाला तोही त्यात मालक म्हणून लिहिलेला आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो, तेव्हा बाईच्या सहीशिवाय आणि तिला न विचारता त्यावर काहीही होऊ शकत नाही. त्याहून वाईट गत ज्यांचे दावे अडकले आहेत किंवा छाटले आहेत त्यांची. कसतो दोन एकर, पट्टा मिळाला वीस गुंठ्यांचा, अपील पडून आहे. रस्ता दोन एकरांवरून जाणार आणि पैसे वीस गुंठ्यांचे मिळणार. बाकीचं म्हणे अतिक्रमण! वनहक्क कायद्याचं कलम ४(५) स्पष्ट आहे की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला कब्जातून हलवता येत नाही. आधी दावे निकाली काढा, मोजणी नीट करा, मग दगड रोवा.

कातकरी वाड्या तर यादीतच नाहीत. घर एकाच्या जागेत, पाणी दुसऱ्याच्या विहिरीचं, नाव कुठेच नाही. केंद्राने ५ फेब्रुवारी २०१३ च्या परिपत्रकाने रस्ते, कालवे असल्या लांबलचक प्रकल्पांना वनजमिनीसाठी ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. ती दाखवून वनखात्याचा रस्ता मोकळा करून घेतात. पण त्याच परिपत्रकात अपवाद आहे. आदिम जमातींच्या मान्य हक्कांना बाधा येत असेल तिथं सूट नाही. महाराष्ट्रात आदिम जमाती तीन आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे ज्या कातकऱ्याला आपणही बैठकीत मागच्या बाजूला बसवतो, त्याचा हक्क नोंदलेला असेल तर तो एकटा या रस्त्याला थांबवून विचारू शकतो. त्यांचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे रखडलेत त्यात आपल्या वनहक्क समित्यांचाही दोष आहे. तो आपण याच महिन्यात दुरुस्त केला पाहिजे.

आणि ज्यांची जमीन जाणारच नाही त्यांचं? हा रस्ता भरावावरून जाणार. आपली खाचरं डोंगराच्या उतारावर एकाखाली एक, ओहळाचं पाणी वरच्या बांधावरून खालच्यात उतरतं. भराव आडवा आला की वरच्या बाजूला पाणी तुंबून आवण कुजणार, आणि खालच्या बाजूची खाचरं भर श्रावणात फाटणार. त्या खालच्या माणसाचा एक गुंठाही गेलेला नाही. त्यामुळे त्याला नोटीस नाही, मोबदला नाही, बोलावणं नाही. मोरी कुठे ठेवायची, किती रुंदीची, हे कोणी ठरवायचं? ओहळ कुठून वाहतो ते पावसाळ्यात तिथं राहणाऱ्याला माहीत. नकाशा मे महिन्यात काढतात, तेव्हा ओहळ कोरडा असतो. असले रस्ते दोन्ही बाजूंनी कुंपण घालून बंद असतात. गुरं पलीकडे चरायला कशी जाणार, पोरं शाळेत कशी जाणार, मयत स्मशानात कशी नेणार? भुयारी वाट दोन किलोमीटरवर ठेवली तर बैलगाडीवाल्याचा दिवस त्यातच गेला. हे सगळं रस्त्याचा आराखडा पक्का होण्याआधी बोलायचं असतं. एकटा खातेदार हे मागूच शकत नाही, कारण मोरी, भुयारी वाट, वाघदेवाची जागा, गावची विहीर, मुरूम कुठून काढणार आणि सुरुंग कुठे लावणार, यातलं काहीच त्याच्या सातबाऱ्यावर नाही. हे गावाचं आहे, म्हणून गावाशीच बोलावं लागेल.

पुनर्वसनाचंही तसंच. सक्तीच्या संपादनात निदान कायद्याचं दुसरं परिशिष्ट दाखवून भांडता येतं. घर गेलं तर घर, कुटुंबाला नोकरी किंवा पाच लाख किंवा वीस वर्षं महिना दोन हजार, अनुसूचित क्षेत्रातून उठवलेल्या आदिवासीला वर पन्नास हजार. खरेदीखतात तुम्ही विकणारे असता. विकणाऱ्याचं पुनर्वसन कोण करतं? त्या पंचवीस टक्क्यांत हेही विकत घेतलं जातं, ते मोठ्याने कोणी सांगत नाही.

धोका नाही असं मी म्हणत नाही. सगळ्यांनी हात आखडला तर सरकार सक्तीचं कलम लावू शकतं आणि पंचवीस टक्के जाऊ शकतात. पण सक्तीला नोटिसा लागतात, हरकती ऐकाव्या लागतात, दिवस लागतात, आणि बंदराची घाई त्यांना आहे, आपल्याला नाही. बंदरासाठी ७६ हजार कोटींवर खर्च धरणारे भुयारी वाटेसाठी पैसे नाहीत म्हणतील तर त्यांना हसायचं तेवढं हसून घ्या. शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूरचे शेतकरी एकदिलाने उभे राहिले, तेव्हा २०२४ साली सरकारला तिथली अधिसूचना मागे घ्यावी लागली होती. नियमगिरीत बारा ग्रामसभांनी एकामागून एक नाही म्हटलं आणि डोंगर वाचला. ती खाण होती आणि तिथं सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता, आपल्याकडे तसा आदेश नाही. पण बाराच्या बारा सभा एका सुरात बोलल्या, त्यासाठी कोणाचा आदेश लागला नव्हता.

रस्ता नकोच म्हणणारे पाडे आहेत. त्यांनी तसा ठराव करावा, संघटना त्यांच्याबरोबर आहे. अटींवर बोलायला तयार असलेले पाडे आहेत, त्यांच्याबरोबरही आहे. एकट्याने जाऊन सही करून आलेल्याबरोबर मात्र कसं उभं राहायचं ते आम्हाला कळत नाही. ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांना वाळीत टाकू नका. त्यांना बैठकीला बोलवा, काय लिहून घेतलं त्याची प्रत मागवा. बऱ्याच जणांकडे प्रतच नसते.

पेसाच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. ज्यांनी अजून मागितली नाही त्यांनी अर्ज करावा. ज्यांची आहे त्यांनी पंधरा दिवसांत सभा घेऊन ठराव लिहावा, की या रस्त्याबाबतची कोणतीही बोलणी ग्रामसभेत, उघड, बायांच्या हजेरीत होतील, आणि तोवर कोणतंही संमतिपत्र गावाला मान्य नाही. ठरावावर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. प्रत तहसील आणि प्रांत कचेरीत द्या, पोच घ्या, आणि एक प्रत संघटनेच्या कार्यालयात आणा. पासबुक, चेकबुक, आधारकार्ड घरातल्या बाईच्या ताब्यात ठेवा, पाहुण्याच्या नको. आणि सभेची वही कोणी 'पक्कं लिहून देतो' म्हणून मागितली तर देऊ नका. ती पाड्यातच राहू द्या.